नित्यनेम

(महोत्सवाच्या सप्ताहात वढू बुद्रुक येथे जमलेल्या कुटुंबांपुढे केलेले भाषण)



मंडप उभा राहिला, पताका लागल्या, महागुरुस्वामींचे स्वागत झाले, मुलांनी उत्तम गायन केले. ह्या सर्वांचा आम्हांस मनापासून आनंद आहे. परंतु आज जे बोलावयाचे आहे ते मंडप उतरल्यानंतरच्या दिवसांविषयी.

आपण ज्या गावी बसलो आहोत त्याचे नाव छत्रपती संभाजीराजांच्या समाधीमुळे सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. सन 1689 मधील त्या मृत्यूचे स्मरण करण्यास फाल्गुन अमावास्येला येथे लोकांची रीघ लागते. परंतु कोणत्याही समाधीची झाडलोट आणि दिवाबत्ती एका दिवसापुरती करून भागत नाही. ती वर्षाच्या प्रत्येक दिवशी कोणास तरी करावी लागते, आणि ती करणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. आत्म्याचेही तसेच आहे. महोत्सव ही आपली अमावास्येची गर्दी होय. उरलेले दिवस कोण सांभाळतो, हा आमचा प्रश्न आहे.

धर्मगुरूचे येथे येणे नित्य होत नाही. ठरल्या दिवशी मिस्सा होते, मुलांस धर्मशिक्षण मिळते, आणि मग मधले दिवस तुमचे असतात. त्या दिवसांत घरातील प्रार्थना मंदावत चालली आहे, हे आम्ही घरोघर जातो तेव्हा दिसते. म्हातारी आजी कोपऱ्यात एकटी जपमाळ म्हणते. मुलगा सणसवाडीस किंवा रांजणगावास कारखान्यात. त्याची आज पहिली पाळी, तर पुढल्या आठवड्यात रात्रीची. सून दमलेली, आणि नातवंडे मोबाइलवर. आम्ही कोणास दोष देत नाही. पोटासाठी राबणे हेही देवाचेच काम आहे. परंतु ती आजी गेल्यावर त्या मण्यांचे काय होणार?

ह्या प्रश्नाचे उत्तर संत जोसेफ वाझ ह्यांच्या चरित्रात आहे असे आम्हांस वाटते. हे आपल्या शेजारच्या गोव्याचे. सन 1651 मध्ये बाणावली येथे त्यांचा जन्म झाला, 1676 मध्ये त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्या काळी लंकेचा किनारा डच लोकांच्या ताब्यात होता. 1658 मध्ये त्यांनी जाफना घेतले, कॅथलिक धर्मगुरूंस हाकलून दिले आणि आपल्या उपासनेस बंदी केली. तेथील भाविकांचे हाल ऐकून फादर वाझ 1687 मध्ये हमालाच्या वेषात लंकेत उतरले. सोबत जॉन नावाचा एक विश्वासू सेवक होता. उतरताच फादरांस हगवणीने गाठले. बरे वाटू लागल्यावर ते जाफन्यात दारोदार भिक्षा मागत फिरू लागले. चरित्रकार सांगतात की, गळ्यात त्यांनी जपमाळ उघड घातली होती, आणि ती पाहून कोणाची मुद्रा पालटते हे ते न्याहाळीत असत. असेच एकेक घर सापडत गेले.

बंधूंनो, येथे थोडे थांबा. 1658 पासून 1687 पर्यंत एकोणतीस वर्षे होतात. डच आले तेव्हा पाळण्यात असलेले मूल एव्हाना स्वतः बाप झालेले असेल. त्याने उघडे देवालय पाहिले नव्हते, उघड साजरा केलेला नाताळही नाही. तरी भिकाऱ्याच्या गळ्यातील माळ त्याने ओळखली! ती कोठे पाहिली असेल? घरातच. दार लावून, दिवा मंद करून, कोणी आईने वा आजीने ते मणी त्याच्यासमोर मोजले असतील. ज्या घरी ते मोजले गेले नाहीत, त्या घरापुढून फादर वाझ भिक्षा घेऊन पुढे गेले असतील, एवढेच.

पुढे 1692 मध्ये कँडीच्या राजाने हेर समजून फादरांस कैदेत टाकले. तेथेही त्यांनी दिवस वाया जाऊ दिले नाहीत. सिंहली भाषा शिकले, आणि सवलत मिळताच छोटे प्रार्थनामंदिर उभे केले. 1697 मध्ये देवीची साथ आली, तेव्हा आप्तांनी टाकलेल्या रोग्यांची त्यांनी शुश्रूषा केली. अशी सेवा एकाएकी अंगी येत नाही. तिच्यामागे कित्येक वर्षांचा नेम उभा असतो. 16 जानेवारी 1711 रोजी ते कँडीस निवर्तले. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी कोलंबो येथे त्यांस संतपद दिले. त्याच कँडीत 1893 मध्ये स्थापन झालेली पेपल सेमिनरी 1955 मध्ये पुण्यास आली. नगर रस्त्याने पुण्यास जाताना रामवाडीस तिच्यावरून आपण कितीदा तरी गेला असाल.

आता नेम कोणता धरावा? आमचा अनुभव असा की, उपवासकाळाच्या आरंभी मोठे संकल्प करणारे बहुधा तिसऱ्या आठवड्यास थकतात. पाच दशके तीन आठवडे म्हणण्यापेक्षा एकच दशक वर्षभर म्हणावे. उठताच क्रूसाची खूण आणि दिवसाचे अर्पण, ह्यास अर्धे मिनिट लागते. कारखान्याच्या बसमध्ये एक दशक सहज होते; तोंडाने म्हणण्याची अडचण असेल तर बोटांवर मोजा. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देणाऱ्याने वाफा भरेपर्यंत उभ्याउभ्या म्हणावे. त्या काळोखात लक्ष विचलित करणारे दुसरे काही नसते, हा तर लाभच! आणि निजण्यापूर्वी आत्मपरीक्षण. संत इग्नातियसांनी आपल्या संघबंधूंस हे दिवसातून दोन वेळा करावयास लावले. आपण एकदा तरी करावे. आज देवाने काय दिले, आज कोणास दुखावले, उद्या कोणाकडे जाऊन समेट करावयाचा, एवढे पुरे. नवराबायकोंनी न बोलता झोपी जाण्याचे प्रसंग त्यामुळे कमी होतात, असे कित्येकांनी आम्हांस सांगितले आहे.

प्रार्थना आपल्या बोलीत करा. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये इंग्लंडाहून गोव्यास आले आणि मराठी भाषेवर लुब्ध झाले. त्यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण 1616 मध्ये छापले गेले. परदेशी मनुष्याने आपल्या भाषेत देवाशी बोलून दाखविले. मग आपणांस संकोच कसला? शब्द अडले तरी देव समजून घेतो.

सोमवारी मंडप उतरेल. त्या संध्याकाळी आपल्या घरी प्रार्थना किती वाजता व्हावयाची, आणि ज्याची पाळी असेल त्याने ती कोठे करावयाची, हे आज जेवताना घरच्यांनी मिळून ठरवावे. मुलांसही विचारावे. पुढल्या मिस्सेस येऊ तेव्हा प्रत्येक घराने आपली वेळ आम्हांस सांगावी. आणि ज्या घरी जपमाळ नसेल त्यांनी आज जाण्यापूर्वी आमच्याकडून मागून घ्यावी.