वह्या बदला

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



धुळ्याबाहेर गेलेल्यांनी आपापल्या कामाबद्दल दोन शब्द बोलावेत, असं संयोजकांनी सांगितलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. गेली काही वर्षं माझा प्रोग्रॅम जंतूंच्या डीएनएमधली अक्षरं एकमेकांशी ताडून बघतो. हे काम समजावून सांगायचं, तर मला आपल्या पाचवीच्या वर्गातच परत यावं लागतं.

शुद्धलेखनाचा तास आठवा. फळ्यावरचा उतारा वहीत उतरवायचा. लिहितानाच चूक दिसली तर खोडायची. मग बाई म्हणायच्या, "वह्या बदला." शेजारची आपली वही फळ्याशी ताडायची आणि राहिलेल्या चुकांभोवती गोल करायची.

जंतूही हेच करतो. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जंतूच्या डीएनएत सुमारे ४६ लाख अक्षरं असतात. एकाचे दोन होताना ती सगळी उतरवावी लागतात. उतरवणारं प्रथिन चुकलं तर मागे येऊन खोडतं. त्यातूनही सुटलेल्या चुका दुसरी प्रथिनं शोधतात. त्यांची जनुकं म्हणजे म्यूटएस, म्यूटएल आणि म्यूटएच. पण दोन धाग्यांत फरक दिसला, तर बरोबर कोणता? जुन्या धाग्यावर ठरावीक जागी रासायनिक खुणा असतात, नव्यावर त्या अजून उमटलेल्या नसतात. फळा कोणता आणि वही कोणती हे असं कळतं, आणि दुरुस्ती वहीत होते. ही यंत्रणा उलगडणाऱ्या पॉल मॉड्रिच यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. या दोन तपासण्यांमुळे शेकडो वेळा नक्कल केल्यावर कुठे एखादी चूक शिल्लक राहते. म्यूटएस बिघडलं, की चुका शंभरपट किंवा त्याहूनही वाढतात.

आता क्षयाचा जंतू बघा. १९९८ मध्ये त्याची ४४ लाख अक्षरं वाचून झाली, तेव्हा म्यूटएस आणि म्यूटएल त्यात सापडलीच नाहीत. तरीही तो फार चुकत नाही. २०१५ मध्ये दिसून आलं, की त्याच्या उतरवणाऱ्या प्रथिनाचाच एक भाग चुका खोडण्याचं काम चोख करतो.

मग औषधाला न जुमानणारा क्षय येतो कुठून? संख्येतून. फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. आयसोनियाझिडला दाद न देणारा साधारण दहा लाखांत एक असतो, रिफाम्पिसिनला न देणारा साधारण दहा कोटींत एक, आणि तोही पहिली गोळी घेण्याआधीपासून. औषध त्याला घडवत नाही, त्याच्यासाठी रान मोकळं करतं. दोन्हींना एकदम पुरून उरणारा मात्र जवळजवळ सापडत नाही. म्हणून क्षयाची औषधं एकत्रच घ्यायची असतात.

हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. मी पुण्यात इंजिनिअरिंगला असताना माझ्या मामांना क्षय झाला. दोन महिन्यांत खोकला थांबला. लाल गोळीनं लघवी लाल होते म्हणून ते आधी तेवढीच वगळायला लागले. ती लाल गोळी म्हणजे रिफाम्पिसिन. पुढे बाकीच्याही सोडल्या. मामी ओरडली तर म्हणायचे, "माले आते बरं वाटस, गोया कसाले?" फोनवर मी विचारायचे, "मामा, गोळ्या चालू आहेत ना?" ते "हो" म्हणायचे, आणि मी परीक्षेचं सांगायला लागायचे. दुखणं उलटलं तेव्हा नेहमीची औषधं चालेनात. दीड वर्षात मामा गेले.

फक्त रुग्णच चुकतो असं नाही. २०१२ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले. त्यांतल्या बहुतेकांना आधी निरनिराळ्या डॉक्टरांनी एकेक औषध वाढवत, अनेकदा चुकीच्या मात्रेत दिलं होतं. रान मोकळं होतं ते असंही.

आज सीबीनॅट चाचणी बेडक्यातल्या जंतूच्या एका जनुकातली ८१ अक्षरं तपासून साधारण दोन तासांत सांगते, की रिफाम्पिसिन चालेल की नाही. मामांच्या वेळी ही सोय नव्हती. पण गोळ्यांचं पाकीट उलटून बघण्याची सोय तेव्हाही होती.

म्हणून एवढंच मागते. घरात, गल्लीत, कामावर कुणाला क्षयाची औषधं चालू असतील, तर नुसतं "चालू आहेत ना?" विचारून थांबू नका. रिकामं पाकीट मागून बघा, शेवटची गोळी संपेपर्यंत बघा. बाईंनी आपल्याला शेजारच्याची वही तपासायला शिकवलंय. मामांची वही मी तपासली नाही. तुम्ही तपासा.