समाजकार्याचं शिक्षण आणि सेटलमेंटचा वारसा

सोलापुरात रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ एवढंच सांगितलं तरी तो नेमकं नेऊन सोडतो. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हा पत्ता रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर, लग्नपत्रिकेवर आजही लिहिला जातो. त्यामागचा इतिहास मात्र शहराच्या तरुण पिढीपर्यंत फारसा पोहोचलेला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. पुढे या कायद्याच्या सुधारित रूपाच्या आधारानं सोलापुरात मुंबई इलाख्यातली एक मोठी वसाहत, म्हणजेच ‘सेटलमेंट’, उभी राहिली. कैकाडी, टकारी, भामटे, मांग-गारुडी, कंजारभाट, पारधी अशी कुटुंबं तारेच्या कुंपणाआड आणून ठेवली गेली. मोठ्यांनी हजेरी द्यायची, बाहेर जायचं तर पास घ्यायचा, गिरणीत राबायचं. पोरांनी वसाहतीतल्या शाळेत जायचं.

कुंपण घालणाऱ्यांची भाषा सुधारणेची होती, आणि त्यांच्यातल्या अनेकांचा हेतू प्रामाणिक होता. या वसाहतींचा कारभार पाहणारे स्टार्ट हे सनदी अधिकारी पुढे मुंबई सरकारच्या अस्पृश्य आणि आदिवासींविषयीच्या समितीचे अध्यक्ष झाले. त्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा सदस्य होते. सोलापूरची वसाहत काही वर्षं अमेरिकन मराठी मिशननं चालवली. याच मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५ मध्ये मुंबईत आले, त्यांनी नागपाड्यात ‘नेबरहूड हाऊस’ काढलं, आणि त्याच कामातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. भारतातलं समाजकार्याचं ते पहिलं व्यावसायिक शिक्षण. १९४४ मध्ये त्या शाळेचं नाव टाटा समाजविज्ञान संस्था झालं.

म्हणजे सोलापूरची सेटलमेंट आणि देशातलं समाजकार्याचं शिक्षण यांच्यात एका मिशनचा धागा आहे. अभ्यासक्रमाच्या इतिहासात नागपाडा येतो, सोलापूर येत नाही. तो यायला हवा. माणसांना न विचारता त्यांचं भलं ठरवलं की काय होतं, हे समजून घ्यायला याहून जवळचं उदाहरण महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला मिळणार नाही.

मॅनशार्ट यांना शिक्षण भारतीय परिस्थितीला साजेसंच हवं होतं. पण तेव्हा आणि त्यांच्यानंतरही हाताशी जी पुस्तकं होती ती अमेरिकन शहरांतल्या अनुभवावर लिहिलेली. मेरी रिचमंड यांचा ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ १९१७ चा, फेलिक्स बिस्टेक यांची व्यक्तिसहाय्याची सात तत्त्वं १९५७ ची. ही तत्त्वं आजही वर्गात शिकवली जातात आणि ती चांगलीच आहेत: प्रत्येक माणूस वेगळा माना, त्याचा निर्णय त्याला घेऊ द्या, त्याची गोष्ट गुप्त ठेवा. अडचण येते ती पालावर.

समाजकार्याची विद्यार्थिनी पारध्यांच्या पालावर जाते. हातात वही, वहीत माहितीपत्रक. नाव काय, घरात माणसं किती, कमावते कोण, घरधनी कुठे गेलाय? प्रश्न एका बाईला विचारलेला असतो, उत्तरं चौघं देतात. सासू, दीर, शेजारचा म्हातारा. एकांतातली मुलाखत होतच नाही, कारण पालाला दार नसतं आणि एकट्यानं बोललेल्या शब्दाला तिथे वजनही नसतं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ज्या समाजाच्या दोन-तीन पिढ्या हजेरीत गेल्या आणि नंतरही गावात चोरी झाली की पहिली गाडी ज्यांच्या पालावर येते, त्यांच्या दृष्टीनं वहीत नावं लिहिणारा परका माणूस पोलिसांचाच असतो. मग विद्यार्थिनी वहीत नोंदवते: ‘सहकार्य करत नाहीत.’ अशी एक नोंद पुढच्या तुकडीचं मन आधीच तयार करून ठेवते.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला; तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. १९६० मध्ये पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन कुंपणाची तार तोडली, असं चळवळीतली माणसं सांगतात. पण कायदा जाऊनही संशय उरला. या माणसांचं जग मराठी वाचकांना कळलं ते समाजकार्याच्या अहवालांतून नव्हे. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’, करमाळा तालुक्यातल्या किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ ही आत्मकथनं आधी आली. ती समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला सक्तीनं वाचायला लावावीत, पूरक वाचन म्हणून कोपऱ्यात ठेवू नयेत.

स्थानिक पद्धत म्हणजे काय, हे शोधायला सोलापूरकरांना दूर जावं लागत नाही. पंढरपुरात प्रार्थना समाजानं टाकून दिलेल्या मुलांसाठी १८७५ मध्ये आश्रम सुरू केला, दोराबजी टाटांच्या शाळेच्या एकसष्ट वर्षं आधी. त्याच पंढरपुरात गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. बाबा कीर्तनात प्रश्न विचारत आणि उत्तर समोरच्या माणसांकडून काढून घेत. कर्ज काढून लग्न करावं का, देवाला कोंबडं कापावं का, पोराला शाळेत घालावं का. गाव स्वतःच्या तोंडानं उत्तर देई आणि ते उत्तर मग गावाचं होई. गटकार्याच्या तासाला हे शिकवलं तर पाश्चात्त्य सिद्धांतही अधिक नीट कळेल.

त्याहून अलीकडचं आणि जास्त तपशिलात शिकण्यासारखं उदाहरण किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या गावांत सुमारे आठ हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंतींनीच घात केला होता, त्यामुळे नवी घरं भक्कम हवीत यात दुमत नव्हतं. पण बावन्न गावं नव्या जागी हलवताना आखणी झाली ती शहरातल्या कॉलनीसारखी: सरळ रस्ते, सारखे प्लॉट, दूरदूर घरं. जुन्या गावात भावकी एका गल्लीत होती, बाया ओट्यावर बसून धान्य निवडता निवडता एकमेकींशी बोलत, जनावर डोळ्यांसमोर बांधलेलं असे. नव्या गावात हाक पोहोचेना. सिमेंटच्या घराला लागूनच लोकांनी हळूहळू पत्र्याचे आडोसे, गोठे, चुली उभ्या केल्या. लोकांनी आराखडा आपल्या हातानं दुरुस्त केला, एवढाच त्याचा अर्थ.

जी गावं हलवायची नव्हती, तिथे घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. हजारावर गावांच्या त्या कामात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं. शासनाचा अभियंता काय म्हणतो ते घराघरात सांगायचं, घराचं काय म्हणणं आहे ते अभियंत्याला सांगायचं, सिमेंट-वाळूचं प्रमाण तपासायचं, हप्ता अडला तर विचारायचं. कालपर्यंत चावडीची पायरी न चढलेल्या बाया तिथे जाऊन हिशेब मागू लागल्या. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या याच बाया तिथल्या बायकांना अनुभव सांगायला गेल्या. ग्रामीण समाजकार्य शिकवणारा टाटा संस्थेचा परिसर सोलापूरपासून तासाभरावर, तुळजापुरात आहे. या संवाद सहायक तिथे आणि सोलापुरातल्या महाविद्यालयांत मानधन घेऊन शिकवायला आल्या पाहिजेत. अधूनमधून ‘अतिथी’ म्हणून नव्हे, तर क्षेत्रकार्याच्या मार्गदर्शक म्हणून, गुण देण्याच्या अधिकारासह.

जगात हा विचार पुढे गेलेला आहे. समाजकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१४ मध्ये मेलबर्नला जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात सामाजिक शास्त्रांच्या जोडीला स्थानिक मूलनिवासी ज्ञानाचाही उल्लेख आहे. न्यूझीलंड तर त्याआधीच एक पाऊल पुढे गेलं. तिथल्या मूलनिवासी माओरी समाजाची मुलं मोठ्या संख्येनं घरांतून काढून सरकारी संगोपनात ठेवली जात होती. माओरींनी ते एका अहवालातून १९८८ मध्ये ठामपणे मांडलं आणि १९८९ च्या कायद्यानं मुलाबद्दलच्या निर्णयासाठी त्याच्या विस्तारित कुटुंबाची बैठक बोलावणं बंधनकारक केलं. आजी-आजोबा, आत्या, मामा एकत्र बसून ठरवतात. समाजकार्यकर्ता माहिती देतो आणि त्यांना आपसांत बोलता यावं म्हणून खोलीबाहेर जातो. हे बाहेर जाणं कौशल्याचं काम आहे आणि ते शिकवावं लागतं.

मग आपल्याकडे जातपंचायतच बोलवावी का? नाही. इथे ठाम राहावं लागतं. महाराष्ट्रातल्या अनेक जातपंचायतींनी दंड, वाळीत टाकणं, कौमार्य चाचणी, दिव्यं असे निवाडे केले आहेत. त्यांच्या बैठकीत बाईला बोलण्याचा हक्क नसे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं आणि त्या त्या समाजातल्या तरुण-तरुणींनी मोठी किंमत मोजून याविरुद्ध लढा दिला, म्हणून सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला आणि जुलै २०१७ पासून लागू झाला. संस्कृतीचा आदर म्हणून हे निवाडे गिळायला सांगणारं शिक्षण त्या तरुणांशी द्रोह करील. एकत्र बसून बोलण्याची सवय ही त्या समाजाची ताकद आहे. त्या बसण्यात बाया, सुना, पोरी आणि संविधान आणणं हे समाजकार्याचं काम आहे. कंजारभाट तरुणांनी कौमार्य चाचणीविरुद्ध स्वतः मोहीम उघडली, तेव्हा परंपरा आतूनही तपासली जाते हे सगळ्यांनी पाहिलं.

आता साध्या गोष्टींकडे. पहिली भाषेची. सोलापूर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलतं. पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या पद्मशाली बाईचं दुःख तेलुगूत असतं. कैकाडी बोली द्राविडी कुळातली, पारध्यांची गुजरातीला जवळची. निदान एका वस्तीची भाषा ऐकून समजण्याइतकी आल्याशिवाय पदवी देऊ नये. दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. महाविद्यालयाचं क्षेत्रकार्य हिवाळ्यात रंगात येतं, तेव्हा ऊसतोडीचे तांडे रिकामे असतात. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली असतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांच्याबरोबर काम करायचं तर विद्यार्थ्यानं फडावर, खोपटांत जायला हवं, आणि परीक्षेच्या तारखा त्याप्रमाणे हलायला हव्यात.

आणि तिसरी, कागदांची. विमुक्त-भटक्यांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांचं आयुष्य पालात गेलं त्यांच्याकडे तो कुठून येणार? गुंतागुंत इतकी, की बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतात, शेजारच्या कर्नाटकातल्या विजयपुरात अनुसूचित जातीत आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत. भटक्या-विमुक्तांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष म्हणून सोलापूरच्या बाळकृष्ण रेणके यांनी २००८ मध्ये दिलेल्या अहवालात या समाजांच्या प्रश्नांची देशव्यापी मांडणी आहे. तो सोलापुरातल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या टेबलावर असावा.

वर्गात विद्यार्थ्यांना कुटुंबाचा वंशवृक्ष काढायला शिकवतात, तीन पिढ्यांचा, चौकोन आणि वर्तुळं काढून. सोलापूर-सांगलीच्या गावांत हेळवी येतात. बैलावर पोथ्या लादून फिरणारे हे लोक घराण्याच्या कितीतरी पिढ्या, कोण कुठून आलं, कोणाची सोयरीक कुठे झाली, हे म्हणून दाखवतात. वंशवृक्षाचा तास एखाद्या वयस्क हेळव्याकडे सोपवावा. तिथे शिकलेलं दाखल्याच्या कामातही वापरता येईल, कारण भटक्यांच्या दाखल्यासाठी गृहचौकशीचा मार्ग शासनानं खुला ठेवलेला आहे. विद्यार्थ्यांनी वस्तीत बसून पिढ्यांची नावं, मुक्कामाची गावं, जत्रांच्या खुणा उतरवून घ्यायच्या, वस्तीला वाचून दाखवायच्या, चुकलं ते त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यायचं आणि तो कागद तहसील कार्यालयात चौकशीच्या फायलीला जोडून दाखला मिळेपर्यंत पाठपुरावा करायचा. वर्षाअखेरीला विद्यार्थ्याचे गुण त्या फायलीवरून द्यावेत.