जुनाट दुखणं आणि आपला जिना

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला आधीच बजावलंय, "ताई, आरोग्यावर बोला, पण वीस मिनिटांत आटपा. नंतर मुलांचे नाच आहेत." म्हणून सगळ्या आरोग्यावर न बोलता मी एकाच गोष्टीवर बोलते, ती म्हणजे जुनाट दुखणं. कंबर, गुडघा, मान, खांदा. मार लागून किंवा उसण भरून जमाना झाला, जखम केव्हाच भरली, तरी दुखतंच आहे, असं दुखणं. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की डॉक्टरी भाषेत ते जुनाट धरतात.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा तिसऱ्या मजल्याला मागणी जास्त होती. वारा येतो, डास कमी, घोड नदीकडची बाजू दिसते. तेव्हा सगळे तिशी-चाळिशीत होतो. आज तिसऱ्या मजल्यावरची मंडळी तळमजल्याची चौकशी करतात. आपल्याकडे लिफ्ट नाही. परवा मी पायऱ्या मोजल्या, चोपन्न आहेत. आणि या चोपन्न पायऱ्यांमुळे आपल्या इमारतीतले चार जण गेल्या वर्षभरात दवाखाना सोडून दुसऱ्या कशासाठी खाली उतरलेले नाहीत. नावं घेत नाही, आपल्याला माहीत आहेत. आजही ते या मांडवात नाहीत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण या विषयाकडे मी कॉलेजात वळले नाही. माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत गँगमन होते. स्लीपर उचलताना त्यांची कंबर धरली. त्या काळी उपचार म्हणजे सक्त विश्रांती. गादी काढली, लाकडी फळी टाकली आणि वडील तीन महिने त्या फळीवर. डॉक्टरांची चूक म्हणत नाही, तेव्हा सगळीकडे हेच सांगत. तीन महिन्यांनी उठले तेव्हा पायांतली ताकद गेली होती, पगार अर्धा झाला होता आणि स्वभाव इतका तापट झाला होता की आम्ही भावंडं त्यांच्या खोलीत जायला घाबरायचो. दुखणं मात्र होतं तिथेच होतं. दोन वर्षं हा माणूस घरात पडून होता. आई शेक द्यायची, हातात पाणी द्यायची, चप्पलसुद्धा पायात घालायची. प्रेमानंच करायची.

त्यांना बाहेर काढलं ते त्यांच्या गँगमधल्या एका काकांनी. ते रोज सकाळी यायचे आणि वडिलांना रुळालगतच्या रस्त्याने चालवायचे, खांब मोजून. सुरुवातीला दोन खांब जायचं, दोन खांब यायचं. आठवडाभराने तीन. त्यांचा नियम कडक होता. "दुखू दे नाहीतर न दुखू दे, तीन म्हणजे तीन. आज बरं वाटतंय म्हणून पाचवा खांब नाही, आणि आज ठणकतंय म्हणून घरी बसणं नाही." वडील शिव्या द्यायचे, पण जायचे. सहा महिन्यांनी स्टेशनवर जाऊन चहा पिऊन येऊ लागले, पुढे हलक्या कामावर हजर झाले. कंबर शेवटपर्यंत दुखत होती. पण माझ्या लग्नाला दौंडहून इथे शिरूरला एसटीने आले. न्हावऱ्यापर्यंत बसून आणि पुढे उभ्याने, कारण बसलं की कळ यायची.

पुढे शिकताना कळलं की काकांनी जे केलं त्याला जगात शास्त्र आहे आणि त्याचे रीतसर कार्यक्रम चालतात. त्याची सुरुवात करणाऱ्यांत मोठं नाव जॉन बोनिका यांचं. हे भूलतज्ज्ञ, आणि आपल्या भागाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे वैद्यकीय शिक्षणाच्या खर्चासाठी त्यांनी व्यावसायिक कुस्त्या केल्या होत्या. त्या कुस्त्यांची दुखणी त्यांना जन्मभर पुरली. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करताना त्यांच्या लक्षात आलं की जुनं दुखणं एकट्या डॉक्टरला आवरत नाही. म्हणून 1960च्या सुमारास अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात त्यांनी असा दवाखाना उभा केला की जिथे भूलतज्ज्ञ, हाडांचे डॉक्टर, मेंदूचे डॉक्टर, मानसोपचारवाले एकाच रुग्णाला एकत्र बसून बघतील. तिथेच विल्बर्ट फोर्डाइस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. ते म्हणाले, दुखेपर्यंत काम करायचं आणि दुखलं की आडवं व्हायचं, ही सवयच घातक आहे. कारण आराम हे दुखण्याचं बक्षीस होतं. त्याऐवजी काम आणि विश्रांती दोन्ही आधीच ठरवून घ्या आणि ठरलेलं पाळा.

आता हे समजायला सिएटलला जायची गरज नाही. तुकोबांची पालखी आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यातून जाते. यवतला मुक्काम, पिठलं-भाकरी, मग वरवंडला मुक्काम. सत्तरीच्या म्हाताऱ्या, ज्यांचे गुडघे एरवी बाजारापर्यंत जाऊ देत नाहीत, त्या पंढरपूर गाठतात. कशा? श्रद्धा आहेच. पण मुक्काम ठरलेले आहेत, विसावे ठरलेले आहेत. पाय चालतायत म्हणून कुणी एका दिवसात दोन मुक्काम करत नाही.

मग दुखतं का, हा प्रश्न राहतो. जखम भरली तर दुखायला नको ना? आपल्या पार्किंगमध्ये एक मोटरसायकल आहे. तिच्या जवळून मांजर गेलं तरी अलार्म वाजतो आणि रात्री दोनला सगळी विंग उठते. चोर नसतो, पण आवाज खराच असतो, झोप खरीच मोडते. जुनाट दुखण्यात आपल्या मज्जासंस्थेचा अलार्म असाच हळवा झालेला असतो. म्हणून घरातल्यांना माझी विनंती, "तुझं मनाचं आहे, नाटक आहे" असं म्हणू नका. वेदनेवर काम करणाऱ्या जागतिक संघटनेने 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा स्पष्ट लिहिलं की माणूस दुखतंय म्हणतो तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा.

आणि फोटोवर फार विसंबू नका. माझ्याकडे लोक एमआरआयची पिशवी छातीशी धरून येतात, "ताई, गादी सरकलीय." 2015 साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता, तोही ज्यांना काहीच दुखत नाही अशा माणसांच्या तपासण्यांचा. त्यात विशीतल्या शंभरांपैकी तीस जणांची गादी फुगलेली दिसली आणि ऐंशीच्या वयात शंभरांपैकी चौऱ्याऐंशी जणांची. केस पिकतात तशी मणक्याची गादीही पिकते.

इथे माझी एक कबुली. सुरुवातीची सात-आठ वर्षं मी स्वतः मशीन लावण्यावरच दवाखाना चालवला. शेक, ट्रॅक्शन, कमरेचा पट्टा. रुग्ण खूश, मीही खूश, साठ-साठ बैठका. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन काढलं. त्यात नेहमीच्या उपचारात पट्टे आणि ट्रॅक्शन देऊ नका असं म्हटलंय, आणि समजावून सांगणं, व्यायाम, मनाचा आधार यांवर भर दिलाय. वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

मला बदलवलं ते मात्र या कागदाच्या आधीच, रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कामगाराने. वर्षभर येत होता. एक दिवस मशीन बंद, लाइट गेलेली. बोलता बोलता विचारलं, "दादा, दुखतं ते सोडा. दुखण्यामुळे काय करता येत नाही?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मुलीला उचलून घेता येत नाही. ती आता मागतही नाही." त्या दिवसापासून आम्ही कंबर किती दुखते हे विचारणं सोडलं. आधी रिकामं दप्तर उचललं, मग एक वही घातलेलं, मग दोन. रोज ठरलेल्या वेळा, ठरलेली संख्या. चार महिन्यांनी मुलीला घेतलं, बायकोने फोटो पाठवला. त्याची कंबर आजही दुखते, पण गोळ्या रोजच्या होत्या त्या महिन्यातून दोन-तीनवर आल्या.

गोळ्यांवरून आठवलं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने दुखणं मारायच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे आपल्यात आहेत. गिधाडं का संपली ठाऊक आहे? डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. माणूस गिधाड नव्हे, हे मान्य. पण आपलीही मूत्रपिंडं आणि जठर आहेत. चालू गोळ्या मात्र एकदम तोडू नका, डॉक्टरांशी बोलून कमी करा.

पूर्ण कार्यक्रम म्हणजे डॉक्टर, फिजिओ, मानसशास्त्रज्ञ, कामाचं प्रशिक्षण देणारे, सगळे मिळून तीन-चार आठवडे. व्यायाम, झोप, भीती घालवणं, घरच्यांना शिकवणं, कामावर परत पाठवणं. आपल्याकडे सगळ्यात अडतं ते सुट्टीपाशी. दौंडच्या दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस मी ऊसतोडीच्या बायका बघते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल आधीच घेतलेली. एक दिवस बसलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. त्यांना मी काय सांगू, ठरवून विश्रांती घ्या? एवढंच सांगते की तोडणी, मोळी बांधणं, वाढं गोळा करणं ही कामं दोघांत आलटून पालटून करा, वाकून एकच काम दिवसभर नको. काहींना जमतं, बऱ्याच जणींना जमत नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

दुसरी अडचण कागदाची. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात नुसतं दुखणं नाही. जागतिक रोगसूचीत जुनाट वेदनेला स्वतंत्र जागा मिळाली, ती सूची 2022 पासून लागू झाली. पण आपल्या कारखान्याच्या गेटवर "माझी कंबर दुखते" याचा दाखला नसतो. हात तुटला तर दिसतो. दुखणं दिसत नाही, म्हणून माणूस कामचुकार ठरतो.

बाबा आमट्यांचं उदाहरण मी नेहमी देते. मणक्याच्या आजाराने त्यांना बसता येत नसे. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं. तरी 1985 मध्ये, सत्तरी गाठलेली असताना, कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' घेऊन निघाले, गाडीत आडवे पडून. पण हे ऐकून घरातल्या दुखऱ्या माणसाला "बघ, बाबा बघ" म्हणून टोचू नका. बाबांच्या गाडीत पलंग होता, सोबतीला शंभरावर तरुण सायकलवर होते, घरी साधनाताई होत्या. त्यांच्यासाठी सोय केलेली होती, हे आपण विसरतो.

एक सावधगिरी. दुखण्याबरोबर ताप, वजन घटणं, पायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं किंवा पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, यातलं काहीही असेल तर माझं भाषण विसरा आणि आधी डॉक्टर गाठा.

आता सोयीकडे येते, कारण त्यासाठीच मी बोलायला हो म्हटलं. येत्या सर्वसाधारण सभेत माझे दोन विषय घ्यावेत. एक, जिन्याच्या प्रत्येक वळणावर भिंतीला घडीचा बाक आणि दुसऱ्या बाजूलाही कठडा. रंगकामातून उरलेल्या पैशांत बसेल, खजिनदारांशी बोलले आहे, ते हसले पण नाही म्हणाले नाहीत. दोन, हा हॉल मंगळवार-शुक्रवार दुपारी चार ते पाच मोकळा ठेवावा. मी फी घेणार नाही. बाहेरच्या सोसायटीतले आले तर भाडं मागू नये, एवढंच.

बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींबरोबर मी महिन्यापूर्वी सुरुवात केलीय. त्यांची परवानगी घेऊन सांगते. पहिल्या दिवशी तीन पायऱ्या उतरल्या आणि परत. आता मधल्या वळणापर्यंत येतात, तिथे बसतात, खालून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करतात आणि वर जातात. परवा म्हणाल्या, "आज पाय चांगले आहेत गं, दुसऱ्या मजल्यापर्यंत जाऊ." मी नाही म्हटलं. चिडल्या. दुसरा मजला पुढच्या सोमवारी ठरलाय. वळणावर बाक नाही म्हणून मी माझ्या स्वयंपाकघरातलं स्टूल तिथे ठेवलंय. त्यावर कालपासून कुणीतरी तुळशीची कुंडी आणून ठेवलीय. ज्यांची असेल त्यांनी कृपया सोमवारच्या आत उचलावी.