कच्च्या साधनांचें पाठ्यपुस्तक

पाठ्यपुस्तक म्हटलें कीं तें स्थिर असावें, अशी सर्वसाधारण समजूत असते. व्याकरणाचा नियम एकदां छापला म्हणजे तो निदान त्या वर्षापुरता तरी बदलणार नाहीं, या भरंवशावर शिकविणारा शिकवितो व शिकणारा पाठ करितो. संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याच्या नव्या साधनांविषयीं मात्र हा भरंवसा धरतां येत नाहीं. अशीं साधनें पुरतीं सिद्ध होण्यापूर्वींच लोकांच्या हातीं परीक्षणासाठीं दिलीं जातात. त्या कच्च्या आवृत्तीस ‘बीटा’ म्हणतात. छापखान्यांतील मुद्रितें तपासावयास बाहेर धाडावीं, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, तपासणारे त्याच मुद्रितांवरून विषयही शिकत असतात.

ता. २ जून २०१४ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथील वार्षिक संमेलनांत ॲपल कंपनीनें ‘स्विफ्ट’ नांवाची नवी संगणक-भाषा प्रकट केली. ख्रिस लॅटनर यांनीं तिचें काम २०१० च्या जुलैंत आरंभिलें होतें. पण बाहेर त्याची वार्ताही नव्हती. अर्थात् ही भाषा शिकविणारा बाहेर कोणीच नव्हता. म्हणून कंपनीनें त्याच दिवशीं तिचें एक मोठें पुस्तक विनामूल्य उपलब्ध केलें. शिवाय ‘प्लेग्राउंड’ नांवाची एक सोय साधनांतच होती. तींत एक ओळ लिहितांच तिचें फळ शेजारीं दिसे. शिकणाऱ्यास याहून चांगली पाटी मिळणें कठीण!

पुढें बरोबर पांच आठवड्यांनीं, ता. ७ जुलैस, तिसरी बीटा आली आणि पुस्तकांतील नियमच बदलले. एक बदल केवळ चिन्हाचा होता. ‘एकपासून पांचपर्यंत, पण पांच सोडून’ असें सांगण्यासाठीं आधीं दोन टिंबें घालीत, आणि पांचासुद्धां म्हणावयाचें असल्यास तीन. एका टिंबाचा हा भेद नजरेंतून सहज निसटे. म्हणून दोन टिंबांपुढें ‘लहान’ या अर्थाचें गणिती चिन्ह जोडण्यांत आलें. हा बदल शहाणपणाचा होता.

दुसरा बदल अधिक खोल. श्रोत्यांनीं घरच्या वाणसामानाची यादी डोळ्यांपुढें आणावी. तिची दुसरी प्रत केली व प्रतींत साखरेचा भाव बदलला, तर मूळ यादींतही तो बदले. पण प्रतींत एक जिन्नस वाढविला कीं त्या क्षणापासून दोन्ही याद्या विभक्त होत! जूनमधील नियम हा असा होता. काम जलद व्हावें, हा त्यांतला हेतु. जुलैपासून प्रत ही प्रथमपासूनच स्वतंत्र ठरली.

चिन्ह चुकलें तर यंत्र तत्काळ तक्रार करितें, आणि शिकणारा सावध होतो. यादीचा नियम बदलला तेव्हां मात्र जुन्या समजुतीवर रचलेला प्रोग्राम मुकाट्यानें चाले व निराळें उत्तर देई. नवशिक्याची खरी फसगत येथें होती, आणि तिच्यावर पुस्तकावांचून दुसरा इलाज नव्हता. त्या पुस्तकाची थोरवी अशी कीं, त्यांत दुरुस्त्यांची तारीखवार नोंद ठेविली गेली. जुन्या मराठी ग्रंथांच्या शेवटीं शुद्धिपत्र असे, तसेंच हें. पण हें शुद्धिपत्र वाढत जाणारें होतें. जुलै-ऑगस्टमध्यें त्यांत भर पडतच राहिली. व्याख्यानांच्या चित्रफितींना ही सोय नाहीं. ज्या चित्रफितींत जुनें चिन्ह आलें, त्यांत तें तसेंच राहिलें; आणि पाहणाऱ्याला तर वक्त्याचें बोलणें पुस्तकाहून अधिक खरें वाटतें.

ता. ९ सप्टेंबर २०१४ रोजीं स्विफ्टची पहिली पक्की आवृत्ति ठरली. त्या दिवशीं ज्यांच्यापाशीं जूनमध्यें उतरवून घेतलेलें पुस्तकच होतें, त्यांच्या यादींत साखरेचा भाव अद्याप दोन्हीकडे बदलत होता.