अन्नवस्त्राची चिंता आणि अंदाजपत्रक



अन्नवस्त्राची चिंता करू नये, असा प्रभू येशूचा उपदेश मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. अंदाजपत्रक जुळल्यावाचून मला झोप येत नाही! परंतु पंडिता रमाबाईंकडे पाहावे. बोस्टन येथे 1887 साली स्थापन झालेल्या मंडळीने त्यांना दहा वर्षांपुरतेच साहाय्य कबूल केले होते. तरीही 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील सुमारे 300 निराधार मुली व विधवांना त्यांनी आश्रय दिला. केवळ प्रार्थना करून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. केडगावी विहिरी खणवल्या, शेती उभी केली.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून येणाऱ्या अनेक रुग्णांकडे अनामत रक्कम नसते. त्यांना प्रथम दाखल करून घ्यावे, जमाखर्च मागाहून पाहावा, अशी माझी नम्र विनंती आहे.