विजेचें बिल वाचतां आलें पाहिजे



सावकाराच्या वहींत काय लिहिलें आहे हें न कळतां आमच्या वाडवडिलांनीं अंगठे उठविले, आणि शेवटीं १८७५ सालीं सुपें येथें तीं खतें जाळण्याची पाळी आली. आज आमचीं मुलें शिकलीं. पण विजेचें बिल दारांत पडलें कीं शिकलेला मुलगासुद्धां त्यांतला एकच आंकडा वाचतो; भरावयाची रक्कम!

आमच्या आळींतल्या एका कुंभारणीची हकीकत ऐका. फाल्गुनापासून चार महिने तिचें मीटर पाहावयास कोणी आलें नाहीं, बिलही आलें नाहीं. आषाढांत, म्हणजे पावसानें चाक बंद पडल्यावर, एकदम ३६० युनिटांचें बिल आलें. घरांत दोन दिवे, एक पंखा, एक टीव्ही. बाईनें शेळी विकून पैसे भरले आणि मग बिल आम्हांस दाखविलें.

घरगुती विजेचा दर पायरीपायरीनें चढतो. महिन्याचीं पहिलीं १०० युनिटें स्वस्त. १०१ पासून ३०० पर्यंतचा दर त्याच्या जवळजवळ दुप्पट. पुढें आणखी महाग. आम्हीं पाटीवर हिशेब मांडला. ३६० युनिटें चार महिन्यांत वांटलीं तर महिन्याला ९० पडतात, सगळींच्या सगळीं पहिल्या पायरीवर. पण तीं एकाच महिन्याचीं धरलीं कीं २६० युनिटें वरच्या पायऱ्यांवर जातात. वीज तितकीच, पंखा तोच, आणि दाम मात्र श्रीमंताच्या बंगल्याचे!

कचेरींत गेलों तर उत्तर मिळालें, “संगणकानें काढलें आहे.” पूर्वीं सटवाईनें कपाळीं लिहिलेलें पुसत नसे, आतां संगणकानें लिहिलेलें पुसत नाहीं म्हणे! आम्हीं लेखी अर्ज दिला, त्याच्या नकलेवर शिक्का मागून घेतला. दोन महिन्यांनीं बिल दुरुस्त झालें. शेळी कांहीं परत आली नाहीं.

तिनें भिऊन पैसे भरले. वायरमन तार तोडील, ही ती भीति. म्हणून २००३ च्या वीज कायद्याचें ५६ वें कलम ध्यानांत ठेवा. बिल थकलें तरी पुरे १५ दिवस आधीं लेखी नोटीस दिल्यावांचून तार तोडतां येत नाहीं. तोंडी दम म्हणजे नोटीस नव्हे. बिलाविषयीं तक्रार असेल, तर मागल्या सहा महिन्यांच्या सरासरीनें होणारी रक्कम मागणीहून कमी असल्यास तेवढीच, हरकत नोंदवून भरावी. तंट्याचा निकाल लागेपर्यंत वीज तोडतां येत नाहीं. कचेरीनें ऐकलें नाहीं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनो, घराला कुलूप घातलें म्हणून बिल थांबत नाहीं. दिवा लागो न लागो, स्थिर आकार चढतोच; आणि मीटर पाहतां आलें नाहीं तर सरासरीचीं युनिटें लावतात. निघण्यापूर्वीं मीटरचा आंकडा लिहून कचेरींत द्या, पोंच घ्या.

आणि तारेवर आकडा टाकणारे जे आपले शूर वीर आहेत, त्यांची वकिली आम्ही करणार नाहीं. त्यांच्या आकड्यामुळें साऱ्या आळीचे दिवे मंद होतात, आणि खऱ्या तक्रारीचा अर्ज घेऊन गेलेल्या माणसाकडेही कचेरी चोर म्हणून पाहते.

येत्या रविवारीं दिवेलागणीला शाळेच्या ओट्यावर बसूं. मागल्या सहा महिन्यांचीं बिलें आणा, फाटलेलीं असलीं तरी चालतील. बायकांनीं जरूर यावें. बिलासाठीं उसनवारी करीत दारोदार त्याच फिरतात. पाटी-पेन्सिल आम्ही आणतों.