पाण्याखालची जमीन



‘बुडीत’ हा शब्द आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक आहे. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. सप्टेंबर २०१९मध्ये धरण पहिल्यांदा पूर्ण, म्हणजे १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. भूगोलाच्या पुस्तकात आणखी एक बुडीत आहे, ‘समुद्रबूड जमीन’. किनाऱ्यापासून पाण्याखाली हळूहळू उतरत गेलेली, साधारण २०० मीटर खोलीपर्यंतची ही जमीन. आपली नर्मदा भरूचच्या पुढे समुद्राला मिळते, तिथंही ती आहे.

ही जमीन सपाट नसते. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात ‘आंग्रिया बँक’ नावाचं बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. जवळपास ४० किलोमीटर लांब, १५ किलोमीटर रुंद. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे. तिथं प्रवाळ आहेत, म्हणून माशांना आसराही आहे. डिसेंबर २०१९मध्ये शास्त्रज्ञांनी तिथं जाऊन पाहणी केली.

न दिसणाऱ्या जमिनीचा नकाशा काढतात तरी कसा? आवाजानं. जहाजावरून आवाज खाली सोडतात, तो तळावर आपटून परत येतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. जायला-यायला मिळून ०.०४ सेकंद लागले, तर एकूण ६० मीटर झाले, म्हणजे खोली ३० मीटर. खडकावरून आवाज जोरात परततो, मऊ गाळावरून मंद. मग कॅमेरा सोडून किंवा तळाची माती वर काढून खात्री करतात. कुठं खडक, कुठं वाळू, कुठं चिखल हे कळलं, की कुठला जीव कुठं राहत असेल याचा अंदाज येतो.

आमच्याकडे जहाज नाही. पण बुडालेल्या झाडांच्या खोडांत आमची जाळी अडकून फाटतात. एक जाळं फाटलं की चार दिवस शिवण्यात जातात. म्हणून आम्ही दोरीला हातहातावर गाठी मारल्या आणि टोकाला दगड बांधला. दगडाच्या बुडाला मेण लावलं. मेणाला वाळू चिकटली की वाळूचा तळ, चिखल लागला की गाळ. काहीच लागलं नाही तर बहुधा खडक. धरणाचं पाणी वर-खाली होतं, म्हणून प्रत्येक मोजणीसोबत तारीख आणि त्या दिवसाची पातळीही लिहिली.

तरी अर्धा नकाशा दोरीनं नव्हे, म्हाताऱ्यांनी भरला. अंगणात राखेनं नदी काढली, तशा आज्या पुढं सरकल्या. “इथं मोहाची चार झाडं होती. इथं नाला मिळायचा. हे आमचं शेत.” एक आजी आपल्या घराच्या जागेवर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसली. आम्हीही गप्प बसलो. पुढच्या खेपेला मोहाच्या जागी जाळं टाकायचं टाळलं, तर ते फाटलं नाही. आणि त्या खोडांच्या आडोशाला मासळी लपते, म्हणून गळ तिथंच टाकला.

नदीचा गाळ दरवर्षी तळावर बसतो आहे. उद्या मोठं यंत्र आलं तर ते खोली सांगेल, गाळ सांगेल. पण कोणाचं शेत कुठं होतं, हे त्याला सांगता येणार नाही. ते सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

तेव्हा बायांनो, या आठवड्यात एका संध्याकाळी तुमच्या आजीपाशी बसा. वही-पेन सोबत घ्या. जोहार!